पुढच्या चाकाचं बेअरिंग बदलताना: कोकणातल्या जुन्या छोट्या गाडीसाठी

गणपती आटोपले, पाऊस ओसरला की कोकणातल्या गॅरेजांत एक तक्रार हमखास येते: "साठच्या वर गेलं की पुढून घरघर येते, टायर बदलले तरी जात नाही." मारुती ८००, झेन, अल्टो, जुनी वॅगन आर, सँट्रो, इंडिका या गाड्या आपल्याकडे अजून रोज धावतात. त्यांच्यात ही घरघर बहुतेक वेळा पुढच्या चाकाच्या बेअरिंगची असते. गाडीची बाकीची देखभाल घरी करत असाल, तर हे कामही बरंचसं स्वतःच्या अंगणात करता येतं. बेअरिंग काढण्या-बसवण्याचा मुख्य टप्पा मात्र हायड्रॉलिक प्रेसवरच करायचा. त्याला पर्याय नाही, आणि हातोड्याचा पर्याय तर मुळीच नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण या कामाचं यश-अपयश तिच्यावरच ठरतं. नवं बेअरिंग सहा महिन्यांत गेलं की लोक माल खराब होता म्हणतात. खरं तर पुष्कळ बेअरिंगं बसवतानाच मरतात. बेअरिंगला दोन कडी असतात, बाहेरचं आणि आतलं, आणि दोहोंच्या मध्ये गोळ्या. दाबाचा जोर गोळ्यांमधून गेला की कड्याच्या आतल्या गुळगुळीत पृष्ठभागावर बारीक खळगे पडतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण घरघर तिथूनच सुरू होते. म्हणून खालचं सगळं वाचताना प्रत्येक टप्प्यावर एकच विचारा: जोर कुठल्या कड्यावर पडतोय?

बेअरिंगच गेलंय ना?

बेअरिंगचा आवाज गाडीच्या वेगाबरोबर वाढतो, इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर नाही. सरळ मोकळ्या रस्त्यावर साठच्या वेगात क्षणभर गिअर न्यूट्रल करून पाहा. इंजिनाचा आवाज पडतो, घरघर तशीच राहते. पिठाची गिरणी लांबून ऐकू यावी तशी ती एकसुरी असते. टायरचा पृष्ठभाग उंच-सखल झिजला असेल तरी असाच आवाज येतो, पण डांबरावरून सिमेंटच्या रस्त्यावर गेलं की टायरचा सूर बदलतो. बेअरिंगचा फारसा बदलत नाही. मुंबई-गोवा महामार्गावर ही परीक्षा सहज होते, कारण तिथे सिमेंट आणि डांबर दोन्ही भेटतात. न्यूट्रलची चाचणी मात्र सपाटीवरच करायची, घाटात कधीही नाही.

कोणत्या बाजूचं गेलंय हे वळणावर कळतं. उजव्या वळणात गाडीचा भार डाव्या चाकांवर जातो. तेव्हा आवाज वाढला तर संशय डाव्यावर, डाव्या वळणात वाढला तर उजव्यावर. स्टिअरिंग पूर्ण वळवून निघताना कटकट असा तुटक आवाज येत असेल तर तो ड्राइव्ह शाफ्टच्या, म्हणजे गिअरबॉक्सकडून चाकाला जोर देणाऱ्या दांड्याच्या, बाहेरच्या जॉइंटचा. ते दुखणं वेगळं.

मग गाडी जॅकवर उचलून स्टँडवर ठेवा. चाक वर-खाली दोन्ही हातांनी धरून हलवा. खुळखुळलं तर दोष बेअरिंगमध्ये असेल किंवा खालच्या बॉल जॉइंटमध्ये, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या फिरत्या सांध्यात. कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खुळखुळ थांबली तर बेअरिंग. तशीच राहिली तर बॉल जॉइंट. चाक डावी-उजवीकडून धरून हललं तर आधी टाय रॉड एंड (स्टिअरिंगच्या दांड्याचं चाकाकडचं टोक) पाहा.

मला सर्वांत खात्रीची वाटते ती तिसरी परीक्षा. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, एक हात पुढच्या शॉकॲब्सॉर्बरच्या स्प्रिंगवर ठेवा आणि दुसऱ्या हाताने चाक फिरवा. बेअरिंग चांगलं असेल तर स्प्रिंगवरच्या बोटांना काहीच जाणवत नाही. गेलेलं असेल तर बारीक खरखर बोटांत उतरते, कानाला आवाज येत नसला तरीही. दोन्ही बाजू अशा तपासा, फरक लगेच कळतो.

आपल्याकडे बेअरिंगं लवकर का जातात

कारण पाणी, आणि पाण्याच्या जोडीला मीठ. लांबवर चालून आलेल्या गाडीचं बेअरिंग गरम असतं. ती तशीच साकवावरच्या वाहत्या पाण्यात घातली की आतली हवा एकदम थंड होऊन आकसते आणि सीलच्या (बेअरिंग झाकणाऱ्या रबरी कड्याच्या) कडेने पाणी आत ओढलं जातं. ग्रीसमध्ये पाणी मिसळलं की ते दुधाळ होतं आणि पातळ पडतं. २२ जुलै २०२१ ला चिपळूणला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा कित्येक गाड्या बुडाल्या. पुरात अशी बुडालेली गाडी इंजिन आणि वायरिंग दुरुस्त करून चालू करतात, पण बेअरिंगं कुणी पाहत नाही. बुडालेल्या गाडीची चारही चाकांची बेअरिंगं बदलावीत असं माझं स्पष्ट मत आहे, आवाज येत असो वा नसो. तसं नसेल तर मी फक्त वाजणारी बाजू बदलतो, दुसरी उगाच उघडत नाही.

दुसरं कारण गाडी उभी राहणं. मुंबईकरांच्या गावच्या घरी गाडी शिमग्यापासून गणपतीपर्यंत पडवीत उभी असते. अशा गाडीचं गेलेलं बेअरिंग उघडून पाहा. कड्याच्या आत गोळ्यांच्या बरोबर अंतरावर तांबूस-काळे डाग दिसतात, एकेक गोळी जिथे थांबली होती तिथे एकेक. सीलच्या ओठावर लाल मातीची बारीक रेघ असते आणि त्या जागी रबर कडक झालेलं असतं. गाडी चालवून चालवून झिजलेल्या बेअरिंगमध्ये असे सुटे, सारख्या अंतरावरचे डाग नसतात, सगळा मार्ग एकसारखा खरबरीत होतो. एवढं पाहून ठेवलं तर पुढची काळजी काय घ्यायची ते समजतं.

सामान

बेअरिंग घेताना गाडीचं मॉडेल, साल आणि चॅसी नंबर द्या. नुसतं "झेनचं द्या" म्हणू नका. काही जुन्या गाड्यांत दोन सुटी बॉल बेअरिंगं आणि मध्ये स्पेसर (अंतर राखणारी नळी) असतो, काहींत दोन ओळींचं एकच बंद बेअरिंग आणि ते अडवायला सर्क्लिप (खाचेत बसणारी पोलादी रिंग). तुमच्या गाडीत काय आहे ते आधी कळलं पाहिजे. बेअरिंगबरोबर दोन्ही सील, सर्क्लिप, ड्राइव्ह शाफ्टचा नवा नट आणि स्प्लिट पिना घ्या. हे जुनं परत वापरू नका. एसकेएफ, एनबीसी, फॅग, टिमकेन यांपैकी कुठलंही चालेल, पण बिल देणाऱ्या दुकानातून घ्या, कारण या नावांचा नकली माल बाजारात आहे. एसकेएफचं खरं-खोटं तपासायला त्यांचं ॲपही आहे. आणि बेअरिंग बसवायच्या क्षणापर्यंत त्याची पिशवी फोडू नका.

हत्यारांत ड्राइव्ह शाफ्टच्या नटाचा सॉकेट (साधारण ३० किंवा ३२ मिलीमीटर, पण आपला मोजूनच घ्या), त्याला लांब दांडा आणि वर घालायला पाइप, टॉर्क रेंच, सर्क्लिप प्लायर, टाय रॉडचा पुलर, तारेचा ब्रश, गंज सोडवणारं तेल आणि डोळ्यांना चष्मा हवा. बाकी नेहमीचे पाने.

जॅक स्टँड दोन घ्या, मजबूत घ्या. आपल्याकडे हाताशी चिरा असतो आणि गाडीखाली दोन चिरे रचायचा मोह होतो. तसं अजिबात करू नका. जांभा भिंतीत सारखा भार पेलतो, पण एका टोकावर वजन आलं की तो सूचना न देता फुटतो. चाकांना अटकाव म्हणून मागे-पुढे चिरा लावायला हरकत नाही. गाडी त्याच्यावर पेलायची नाही.

खोलणं

काम जिथे कराल ती जमीन पक्की आणि सपाट हवी. शेणाने सारवलेल्या किंवा मातीच्या खळ्यात जॅक रुततो. कोबा किंवा फरशी असलेली जागा बघा आणि वर छप्पर हवं, कारण उघड्या बेअरिंगवर पावसाचा एक शिंतोडाही नको.

आदल्या रात्री सगळ्या गंजलेल्या नट-बोल्टांवर तेल मारून ठेवा. समुद्राकाठच्या गाडीला हे दोनदा करावं लागतं, संध्याकाळी आणि सकाळी. वेळ याच कामात सर्वाधिक जातो, म्हणून पहिल्यांदा करणाऱ्याने एका बाजूला पूर्ण दिवस धरावा.

गाडी जमिनीवर असतानाच सुरुवात करा. हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाका, मागच्या चाकांना अटकाव लावा. चाकाच्या मधली टोपी काढा. नटाची स्प्लिट पिन काढा, किंवा नटाची कड ठोकून खाचेत बसवलेली असेल तर ती छिन्नीने उचला. कुणाला तरी ब्रेक दाबायला बसवा आणि नट नुसता सैल करा, काढू नका. हा नट खूप घट्ट असतो. पाइपवर वजन टाकताना पाय घट्ट रोवा, सॉकेट सटकला तर माणूस तोंडावर पडतो. नट सैल केल्यावर गाडी एक फूटही ढकलायची नाही.

चाकाचे नट थोडे सैल करून गाडी उचला, स्टँडवर ठेवा, चाक काढा. काढलेलं चाक गाडीच्या कडेखाली आडवं सरकवून ठेवा. स्टँड सरकलाच तर गाडी चाकावर टेकेल.

कॅलिपरचे (ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचे) मागचे दोन बोल्ट काढून कॅलिपर तारेने स्प्रिंगला टांगा. ब्रेकच्या रबरी नळीवर लोंबकळत ठेवू नका. डिस्क सहसा गंजाने हबला (चाक ज्यावर बसतं त्या फिरत्या भागाला) चिकटलेली असते. बऱ्याच डिस्कना आटे असलेली दोन भोकं असतात. त्यांत ८ मिलीमीटरचे बोल्ट आळीपाळीने पिळले की ती आपोआप सुटते. काही जुन्या गाड्यांत डिस्क हबच्या मागून बोल्टने धरलेली असते, ती हब बाहेर आल्यावरच निघते.

टाय रॉड एंडचा नट काढून पुलर लावा. खालचा बॉल जॉइंट नकलमध्ये (बेअरिंग आणि हब धरणाऱ्या लोखंडी सांगाड्यात) एका आडव्या बोल्टने आवळलेला असतो. हा बोल्ट पूर्ण बाहेर काढावा लागतो, नुसता सैल करून भागत नाही, कारण तो बॉल जॉइंटच्या खाचेतून गेलेला असतो. कोकणात सर्वांत जास्त छळतो तो हाच बोल्ट. फिरत नसेल तर जोर करून डोकं तोडण्यापेक्षा थोडा सैल, थोडा घट्ट असं करत, तेल सोडत बाहेर आणा. मग नकलची फट छिन्नीने किंचित रुंद केली की लोअर आर्म (बॉल जॉइंट ज्यावर असतो तो खालचा दांडा) खाली दाबून जॉइंट सुटतो.

शॉकॲब्सॉर्बर आणि नकल जोडणारे दोन बोल्ट उरले. ते काढण्याआधी दोन्हींच्या सांध्यावर रंगाने रेघ मारा, म्हणजे बसवताना चाकाचा कल जवळपास पहिल्यासारखा येईल.

आता ड्राइव्ह शाफ्ट. नट शाफ्टच्या टोकाबरोबर येईल इतका फिरवून ठेवा आणि त्यावर लाकडाचा ठोकळा धरून ठोका, म्हणजे आटे वाचतात. शाफ्ट हबमधून सुटला की नट काढून नकल बाजूला ओढा. शाफ्ट बाहेर ओढू नका. आतला जॉइंट सरकला तर गिअरबॉक्सचं तेल गळतं. शाफ्टही तारेने आडवा टांगून ठेवा.

प्रेसवर

नकल आणि नवं सामान घेऊन लेथवाल्याकडे जा. रत्नागिरी, चिपळूण, कणकवली, कुडाळ अशा गावांत प्रेस असलेलं वर्कशॉप मिळतंच. पण नकल देऊन चहाला जाऊ नका. समोर उभे राहा.

आधी हब बाहेर दाबला जातो. यात जुनं बेअरिंग तुटतं आणि बहुतेक वेळा आतल्या कड्याचा एक भाग हबलाच चिकटून येतो. तो पुलरने काढा. नाहीच निघाला तर ग्राइंडरने कडं तिरपं कापायचं, पूर्ण आरपार नाही, शेवटचा पातळ थर ठेवायचा आणि छिन्नीच्या एका टोल्याने तो तडकवायचा. ग्राइंडरचं पातं हबला लागलं तर हब गेला. इथे चष्मा सक्तीचा, कारण बेअरिंगचं पोलाद उडतं.

मग सील आणि सर्क्लिप काढून जुनं बाहेरचं कडं दाबून काढा. सर्क्लिप गंजून खाचेत बसलेली असते. ती निघाल्याशिवाय प्रेस लावला तर नकल फुटू शकते, म्हणून खाच तारेने साफ करून सर्क्लिप नक्की निघाली याची खात्री करा.

आता स्वच्छता. नकलचं भोक आणि हबचा दांडा रॉकेल किंवा डिझेलने धुऊन, कोरड्या फडक्याने पुसून, बोट फिरवून बघा. गंजाचे पापुद्रे बारीक पॉलिश पेपरने हलक्या हाताने काढा. हबच्या दांड्यावर निळसर जळका रंग किंवा कडं घसरून फिरल्याच्या चकचकीत रेघा दिसल्या तर हब बदला. भोक सैल झालं असेल तर नकल बदला. लेथवाला म्हणेल, "भाऊ, चार पंच मारून देतो, घट्ट बसेल." नको म्हणा. पंचाने उठलेले टोकदार उंचवटे काही दिवस कडं धरतात, मग दबतात आणि बेअरिंग आत फिरायला लागतं.

काही जण बेअरिंग फ्रीजरमध्ये ठेवून आकसवतात. कोरड्या हवेत ते ठीक. आपल्याकडच्या दमट हवेत थंड बेअरिंग बाहेर काढताच त्यावर पाणी धरतं, आणि ज्याच्यामुळे जुनं गेलं तेच नव्यात शिरतं. प्रेस असताना याची गरज नाही.

नवं बेअरिंग नकलमध्ये बसवताना दाब फक्त बाहेरच्या कड्यावर. जुनं बाहेरचं कडं बाहेरून किंचित घासून घेतलं की दाबायला अगदी योग्य मापाचं हत्यार मिळतं. पहिले दोन मिलीमीटर सरळ जातायत ना ते चारी बाजूंनी पाहा. तिरकं गेलं तर लगेच थांबवून पुन्हा सरळ करा. बेअरिंग तळाला टेकलं की सर्क्लिप लावा. ती खाचेत पूर्ण गोल बसली पाहिजे. एका बाजूला उचललेली असेल तर बेअरिंग अजून आत जायचं आहे.

दोन सुट्या बेअरिंगांची गाडी असेल तर आधी ग्रीस. चाकाच्या बेअरिंगचंच ग्रीस घ्या, तळहातावर घेऊन गोळ्यांच्या मधून दुसऱ्या बाजूने बाहेर येईपर्यंत दाबून भरा. मधल्या पोकळीत निम्म्याहून कमी भरा. जास्त भरलं तर ते तापतं आणि सील ढकलून बाहेर येतं. सील असलेली बाजू बाहेर, आणि मधला स्पेसर विसरू नका. तो राहिला तर नट आवळताच बेअरिंगं जाम होतात. बंद बेअरिंगमध्ये ग्रीस भरायचं नसतं, ते कारखान्यातूनच भरून येतं. नव्या सीलच्या ओठाला मात्र दोन्ही प्रकारांत बोटभर ग्रीस लावा.

शेवटी हब, आणि चूक बहुतेक इथेच होते. हब आतल्या कड्यातून जातो, म्हणून खालून आधारही आतल्या कड्यालाच हवा. त्या मापाचा पाइपाचा तुकडा आतल्या कड्याखाली ठेवा आणि मगच दाबा. नकल नुसती प्रेसच्या टेबलावर ठेवून वरून हब दाबला तर सगळा जोर आतल्या कड्यावरून गोळ्यांतून बाहेरच्या कड्यावर जातो. लेथवाला घाईत असेल तर त्याला थांबवून पाइप लावायला सांगा. हब बसला की हाताने फिरवा. नव्या सीलमुळे किंचित जड लागेल, पण एकसारखं फिरलं पाहिजे. अडखळलं, खरखरलं तर गाडीला लावू नका.

जोडणी

उलट क्रमाने जोडा. बॉल जॉइंटच्या बोल्टला आणि हबच्या डिस्क टेकते त्या तोंडाला तांब्याच्या पेस्टचा पातळ हात द्या, पुढच्या वेळी तेच काम सोपं होईल. डिस्कवर किंवा पॅडवर ग्रीसचा ठसा राहू देऊ नका. शॉकॲब्सॉर्बरचे बोल्ट रंगाची रेघ जुळवून आवळा.

ड्राइव्ह शाफ्टच्या नटाला फार महत्त्व आहे. दोन ओळींच्या बेअरिंगचे आतले भाग हाच नट एकत्र दाबून धरतो. तो सैल असताना चाकावर वजन आलं तर नवं बेअरिंग जागच्या जागी बिघडतं. म्हणून गाडी स्टँडवर असतानाच मदतनीसाला ब्रेक दाबायला लावून नट शक्य तेवढा घट्ट करा. मग चाक लावून गाडी खाली घ्या आणि टॉर्क रेंचने शेवटचा आकडा गाठा. छोट्या गाड्यांत तो साधारण १५० ते २२० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो, तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या. हवेच्या गनने शेवटचा आवळ देऊ नका. कमी-जास्त किती झालं ते गनला कळत नाही. मग नवी स्प्लिट पिन घाला, किंवा नटाची कड खाचेत ठोका. चाकाचे नट समोरासमोर असे आळीपाळीने आवळा.

गाडी हलवण्याआधी ब्रेकचं पेडल कडक होईपर्यंत दाबा. काढ-घाल करताना कॅलिपरचा पिस्टन मागे सारलेला असतो, त्यामुळे पहिल्या दोन-तीन दाबांना ब्रेक लागतच नाही. उतारावरच्या अंगणात हे विसरलं तर गाडी थेट गडग्यावर.

जवळच्या रस्त्यावर आठ-दहा किलोमीटर फिरून या आणि दोन्ही पुढच्या चाकांच्या हबजवळ हात नेऊन उष्णता ताडून पाहा. ब्रेकमुळे थोडी ऊब दोन्हीकडे असते, पण नवी बाजू फार तापली असेल तर गाडी थांबवून पुन्हा उघडा. व्हील अलाइनमेंट करून घ्या, रेघ मारली असली तरी. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर चाकाचे नट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा.

पुढे गाडी पुळणीवर किंवा जेटीच्या खाऱ्या पाण्यात गेली तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने चाकं आतून धुवा, पण प्रेशरच्या पाण्याचा झोत हबच्या सीलवर मारू नका. लांबून आल्यावर पुढे पाणी साचलेलं दिसलं आणि पर्याय असेल तर दहा-पंधरा मिनिटं थांबून चाकं निवू द्या. गावच्या घरी उभ्या असलेल्या गाडीसाठी शेजाऱ्याकडे चावी ठेवा आणि दर पंधरा दिवसांनी ती पाच-सहा किलोमीटर चालवायला सांगा. पडवीतल्या पडवीत पुढे-मागे केल्याने गोळ्या जागा बदलतात, पण ग्रीस सगळीकडे पसरत नाही.